डेटाबेस, कंटेनर आणि अकारविल्हे क्रम

भाषेच्या अभ्यासात नोंदींचा संग्रह हा संशोधनाचा पाया होय. कोशकार्यातील शब्दपत्रिका, बोलींच्या पाहणीत टिपलेली रूपे, हस्तलिखितांतून वेचलेले प्रयोग ही सर्व सामग्री एकेकाळी कागदी चिठ्ठ्यांवर लिहून लाकडी खणांत ठेवण्यात येई. आज पुष्कळ ठिकाणी ह्या खणांची जागा रिलेशनल डेटाबेसने घेतली आहे. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत हा डेटाबेस थेट यंत्रावर न बसविता कंटेनरमध्ये चालविण्याचा प्रघात पडला आहे. हा प्रघात सोयीचा आहे ह्यात शंका नाही. तथापि त्यात एक मूलभूत विसंगती दडलेली आहे. कंटेनर हा केव्हाही मोडून टाकता यावा आणि त्याच साच्यातून दुसरा उभा करता यावा, अशा हेतूने योजलेला असतो. डेटाबेसचा हेतू नेमका उलट : एकदा स्वीकारलेली नोंद कोणत्याही अपघातात नाहीशी होऊ नये. ह्या दोहोंचा मेळ कसा घातला जातो आणि तो कोठे अपुरा पडतो, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. जेथे तो अपुरा पडतो ते स्थळ भाषाभ्यासकाच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे; कारण त्याचा संबंध शब्दांच्या अकारविल्हे क्रमाशी येतो.

१. दोन कल्पनांचा उगम

रिलेशनल डेटाबेसची उपपत्ती ई. एफ. कॉड ह्यांनी १९७० साली, आय.बी.एम.च्या सॅन होझे येथील संशोधन प्रयोगशाळेत काम करीत असताना, एका निबंधाद्वारे मांडली. ‘रिलेशन’ हा शब्द त्यांनी गणितातून घेतला. दोन तक्त्यांमधील संबंध असा त्याचा अर्थ पुष्कळदा केला जातो, पण तो बरोबर नाही. समान रचनेच्या पंक्तींचा संच, म्हणजे स्थूलमानाने स्वतः तक्ताच, ह्या अर्थाने रिलेशन होय. कॉड ह्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा, की माहिती वापरणाऱ्याला ती यंत्रात कोठे व कोणत्या क्रमाने ठेवली आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये. संचाला स्वतःचा क्रम नसतो. क्रम हा मागणाऱ्याने मागावयाचा असतो. ह्या तत्त्वाकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

ह्या लेखात उदाहरणादाखल पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये त्याचे काम सुरू झाले, आणि १९९६ मध्ये त्यास ‘पोस्टग्रेस-क्यू-एल’ हे आजचे नाव मिळाले. त्याच्या विश्वसनीयतेचे रहस्य मराठी जमाखर्चाच्या भाषेत सहज सांगता येते. व्यापारी जसा प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि नंतर सवडीने खतावणीत मांडतो, तद्वत पोस्टग्रेस प्रत्येक बदल प्रथम एका क्रमवार रोजकीर्दीत लिहून चकतीवर पक्का करतो, आणि मूळ तक्त्यांच्या फाइलींत तो मागाहून उतरवितो. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचून खतावणी पुरी केली जाते. हे जे आश्वासन आहे, ते चकतीने ‘लिहिले’ असे म्हटल्यावर खरोखरच लिहिलेले असते ह्या गृहीतावर उभे आहे.

कंटेनरची कल्पना दिसते तेवढी नवी नाही. १९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये, एखाद्या प्रक्रियेला फाइलींच्या वृक्षाची एकच शाखा संपूर्ण वृक्ष म्हणून दाखविण्याची सोय आली. २००० साली फ्री-बी-एस-डी ह्या प्रणालीने ‘जेल’ ह्या नावाने ती पुष्कळ पुढे नेली. २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात प्रक्रियांच्या गटाला स्मृती व गणनकाल मोजून देण्याची व्यवस्था दाखल झाली, आणि मार्च २०१३ मध्ये ह्या सर्व साधनांना एकत्र गुंफणारे डॉकर जाहीर झाले. तेव्हा कंटेनर म्हणजे यंत्राच्या आत बसविलेले लहान यंत्र नव्हे. ती यजमान यंत्राच्याच गाभ्यावर चालणारी, परंतु स्वतःच्या फाइली, स्वतःचे प्रक्रियाक्रमांक व स्वतःचे जाळे एवढेच पाहू शकणारी एक प्रक्रिया होय.

२. थर आणि व्हॉल्यूम

कंटेनर ज्या साच्यातून उभा राहतो त्यास इमेज म्हणतात. इमेज ही एकावर एक रचलेल्या थरांची असते आणि तिच्यातील थर बदलता येत नाहीत. कंटेनर सुरू झाला म्हणजे ह्या थरांवर लिहिण्याजोगा एक पातळ थर ठेवण्यात येतो. चालू प्रक्रिया जे काही लिहिते ते ह्याच थरात पडते. आणि कंटेनर काढून टाकला की हा थर त्याच्याबरोबर जातो. नुसता थांबविला तर जात नाही, काढून टाकला तर जातो, हा भेद नवशिक्यांच्या ध्यानात बहुधा उशिरा येतो.

डेटाबेसच्या फाइली ह्या थरात राहू देणे म्हणजे वाळूवर लिहिणे होय. म्हणून त्यांच्यासाठी व्हॉल्यूम योजतात. व्हॉल्यूम ही यजमान यंत्रावरील अशी जागा, की जी कंटेनरच्या फाइलवृक्षाला एका ठिकाणी जोडलेली असते, पण जिचे आयुष्य कंटेनरच्या आयुष्याशी बांधलेले नसते. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये अशी जागा आधीच घोषित केलेली आहे. मात्र ह्या सोयीतच एक फसगत आहे. व्हॉल्यूमला नाव दिले नाही, तर डॉकर आपणहून एक लांबलचक निरर्थक नाव देऊन नवा व्हॉल्यूम निर्माण करतो. कंटेनर काढून दुसरा उभा केला, की त्याला दुसरा, रिकामा व्हॉल्यूम मिळतो. जुन्या नोंदी नष्ट झालेल्या नसतात, पण त्यांच्याकडे जाणारी वाट हरवलेली असते, आणि पुढे केव्हातरी साफसफाईच्या एका आज्ञेने त्या खरोखरच जातात. व्हॉल्यूमला स्वतः नाव देणे हा ह्यावरील साधा उपाय होय. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून अधिकृत इमेजमधील ह्या जागेची रचना बदलली असून व्हॉल्यूम एक पायरी वरच्या निर्देशिकेवर जोडावा लागतो. तेव्हा जुने सूत्र डोळे मिटून नव्या आवृत्तीस लावू नये.

पहिल्या आरंभासंबंधीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. परवलीचा शब्द, डेटाबेसचे नाव, वर्णक्रमाची निवड ह्या गोष्टी इमेजला बाहेरून कळविता येतात. परंतु व्हॉल्यूम रिकामा असेल तेव्हाच त्या अमलात येतात. पुढे तेच शब्द बदलून कंटेनर पुन्हा उभा केल्यास काहीही बदलत नाही, कारण डेटाबेसची घडण एकदाच होते.

३. थांबविण्याची रीत

नोंदी टिकण्यासाठी त्यांची जागा जशी पक्की असावी लागते, तशीच प्रक्रिया थांबविण्याची रीतही नेमकी असावी लागते. डॉकरला थांबविण्याची आज्ञा दिली असता तो प्रक्रियेला प्रथम विनंतीचा सिग्नल पाठवितो, आणि दहा सेकंदांत ती थांबली नाही तर तिला सक्तीने संपवितो. नेहमीच्या विनंतीच्या सिग्नलचा पोस्टग्रेस असा अर्थ करतो, की नवे ग्राहक घेऊ नयेत, पण आत असलेले आपणहून जाईपर्यंत वाट पाहावी. एखाद्या अभ्यासकाने आपली खिडकी उघडी ठेवली असेल, तर ही वाट दहा सेकंदांत संपत नाही. म्हणून २०२० पासून अधिकृत इमेज दुसरा सिग्नल पाठविते. त्याने चालू व्यवहार रद्द करून डेटाबेस तत्काळ पण व्यवस्थितपणे बंद होतो. मोठ्या संग्रहास दहा सेकंदही अपुरे पडू शकतात. तेव्हा ही मुदत वाढवून दीडएक मिनिट करणे श्रेयस्कर. सक्तीने अंत झाला तरी रोजकीर्दीमुळे पक्के झालेले व्यवहार परत मिळतात हे खरे. परंतु रोजकीर्द ही अपघातासाठी आहे, नित्याच्या निष्काळजीपणासाठी नव्हे.

ह्याहून गंभीर धोका एकाच व्हॉल्यूमवर दोन कंटेनर उभे करण्यात आहे. एका संग्रहावर दोन सर्व्हर चालू होऊ नयेत म्हणून पोस्टग्रेस आपला प्रक्रियाक्रमांक एका कुलूपवजा फाइलीत लिहून ठेवतो. पण कंटेनरमध्ये प्रत्येक सर्व्हरचा क्रमांक बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे १. दुसऱ्या कंटेनरमधील सर्व्हर ती फाइल वाचतो, तीत आपलाच क्रमांक पाहतो, आणि हे आपल्याच मागील आयुष्यातील शिल्लक कुलूप असावे असा निष्कर्ष काढून आत शिरतो. एरवी सामायिक स्मृतीवरून होणारी दुसरी तपासणीही येथे आंधळी ठरते. कारण दोघांचे विश्व वेगळे पाडलेले असते. दोन कारकुनांनी एकमेकांस न पाहता एकाच खतावणीत लिहावे, तसा प्रकार होतो. जे वेगळेपण कंटेनरचे भूषण, तेच येथे डेटाबेसची राखण निकामी करते.

४. इमेजमध्ये मागे राहणारा अंश

येथवरचे विवेचन एका सुटसुटीत सूत्रात मावते : जे नाशवंत ते इमेजमधून पुन्हा घडवावे, जे जपावयाचे ते व्हॉल्यूममध्ये ठेवावे. बहुतेक मार्गदर्शिका ह्या सूत्राशी थांबतात. परंतु ते पुरते खरे नाही. व्हॉल्यूममध्ये ज्या फाइली असतात, त्यांचा अर्थ लावणारे नियम इमेजमध्ये राहतात. इमेज बदलली की नियम बदलू शकतात, आणि फाइली मात्र जुन्याच असतात.

अशा नियमांचे तीन प्रकार सांगता येतील. पहिला, फाइलींच्या रचनेचा. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीची अंतर्गत मांडणी वेगळी असते. सोळाव्या आवृत्तीच्या फाइलींवर सतरावी चालविली, तर सर्व्हर सुरू होण्यासच नकार देतो. हा अडथळा त्रासदायक असला तरी प्रामाणिक आहे. दुसरा, मालकीचा. डेबियनवर आधारलेल्या अधिकृत इमेजमध्ये डेटाबेसच्या मालकाचा क्रमांक ९९९, तर अल्पाइनवर आधारलेल्या इमेजमध्ये ७० असतो. एकीऐवजी दुसरी योजल्यास मालकी जुळत नाही. पण इमेजमधील आरंभीची सूत्रावली साधारणतः ती आपणहून दुरुस्त करते, आणि हा बदल कोणाच्या नजरेस येत नाही. तिसरा प्रकार वर्णक्रमाच्या नियमांचा. तेथे सर्व्हर नकारही देत नाही आणि दुरुस्तीही करीत नाही.

५. ळ, क्ष आणि सूची

शब्दांचा क्रम लावणे ही भाषानिरपेक्ष क्रिया नव्हे, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि त्यानंतर क्ष व ज्ञ. परंतु युनिकोडच्या क्रमांकांनुसार ळ हा ल नंतर व व च्या आधी येतो. आणि क्ष ला स्वतंत्र क्रमांकच नाही, तो क, हलन्त व ष ह्या तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणून तो क च्या घरात, त्यातही शेवटी, जाऊन बसतो. कळस, कवच व कसर हे तीन शब्द क्रमांकांनुसार ह्याच क्रमाने लागतील. वर्णमालेनुसार मात्र कवच, कसर, कळस असा क्रम होईल.

क्रम लावण्याचे हे काम पोस्टग्रेस परंपरेने स्वतः करीत नाही. प्रणालीच्या मूळ लायब्ररीकडे सोपवितो. डेबियनमध्ये ही लायब्ररी जी-लिब-सी आहे आणि तीत निरनिराळ्या भाषांचे क्रमनियम असतात. आकाराने लहान म्हणून लोकप्रिय असलेल्या अल्पाइनमध्ये मसल नावाची लायब्ररी आहे. ती भाषेचे कोणतेही नाव स्वीकारते, पण क्रम मात्र खुणांच्या क्रमांकांनुसारच लावते. म्हणजे दोन्ही ठिकाणी डेटाबेसच्या दप्तरी ‘मराठी’ हेच नाव नोंदलेले असेल, आणि त्या नावाखालील नियम वेगळा असेल.

आता कॉड ह्यांच्या तत्त्वाकडे वळू. तक्त्याला क्रम नसतो. तेव्हा नियम बदलल्याने तक्त्यातील नोंदी बिघडत नाहीत. पण तक्त्यात शोध जलद व्हावा म्हणून जी सूची केलेली असते, तिचा सारा आधार क्रमावरच असतो. बायर व मॅक्‌क्राइट ह्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बी-वृक्ष ह्या रचनेत शोध, कोश उघडून शब्द शोधावा तसा चालतो : मधली नोंद पाहावयाची, इष्ट शब्द तिच्या आधीचा की नंतरचा हे ठरवावयाचे, आणि दुसरी बाजू न पाहताच सोडून द्यावयाची. समजा, वरील तीन शब्दांची सूची अल्पाइनच्या इमेजवर, खुणांच्या क्रमांकांनुसार तयार झाली. पुढे तोच व्हॉल्यूम मराठी वर्णमालेप्रमाणे क्रम लावणाऱ्या इमेजला जोडला, आणि कळस हा शब्द शोधला. मधली नोंद कवच. नव्या नियमाने कळस त्याच्या नंतरचा, म्हणून शोध उजवीकडे वळतो. तेथे कसर आहे. कळस त्याच्याही नंतरचा. पुढे काही नाही. ‘असा शब्द नाही’ हे उत्तर मिळते, आणि शब्द तर डावीकडे जागच्या जागी असतो.

ह्या उत्तराचे गांभीर्य नीट ओळखले पाहिजे. सर्व्हर बंद पडलेला नाही, एकही नोंद पुसली गेलेली नाही, कोणतीही त्रुटी दाखविली गेलेली नाही. फक्त एका उत्तरात सत्य नाही. अमुक रूप तमुक बोलीत आढळत नाही हे विधान बोलीविज्ञानात पुराव्याचे काम करते. त्यावर समभाषारेषा आखल्या जातात, प्रबंध उभे राहतात. असा नकारात्मक पुरावा बिघडलेल्या सूचीतून निघाला, तर तो तपासण्याचे कारणही कोणाला सुचत नाही. शिवाय एकच शब्द दोनदा येऊ नये असा निर्बंध ह्याच सूचीच्या आधारे पाळला जातो. सूचीला जुनी नोंद दिसत नाही, म्हणून ती दुसरी नोंद स्वीकारते, आणि आता मूळ तक्ताही दूषित होतो.

हा धोका केवळ डेबियन व अल्पाइन ह्यांच्या अदलाबदलीपुरता नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये जी-लिब-सीच्या २.२८ ह्या आवृत्तीत क्रमनियमांचा सर्व साठा नव्याने घेण्यात आला. अमेरिकी इंग्रजीच्या नियमाने त्यापूर्वी ‘११’ ही इंग्रजी अंकांतील नोंद ‘१-१’ च्या आधी येई; नंतर ती मागे गेली. जुलै २०१९ मध्ये आलेल्या दहाव्या डेबियनबरोबर हा बदल असंख्य डेटाबेसांच्या पायाखाली आला. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली, आणि आधाराचे नाव न घालता मागविलेल्या अधिकृत इमेजचा पायाही बदलला. पोस्टग्रेसचा आवृत्तिक्रमांक तोच राहतो, आणि तरीही इमेज तीच राहत नाही.

६. उपाय

पहिला उपाय नेमकेपणाचा. इमेज मागविताना ‘सर्वांत नवी’ असे न म्हणता पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती आणि तिच्या आधारभूत डेबियनचे नाव ही दोन्ही लिहावीत. ह्याने दुरुस्त्या मिळत राहतात, पण पाया आपल्या नकळत बदलत नाही.

दुसरा उपाय क्रमाची जबाबदारी स्पष्टपणे निवडण्याचा. दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, पोस्टग्रेसला आय-सी-यू ह्या स्वतंत्र लायब्ररीचे क्रमनियम वापरता येतात. पंधराव्यापासून ते संपूर्ण डेटाबेससाठी निवडता येतात. ह्या लायब्ररीच्याही आवृत्त्या बदलतात, तेव्हा ती अढळ आहे असे नव्हे. सतराव्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, पोस्टग्रेसने खुणांच्या क्रमांकांवर आधारलेला अंगभूत क्रम दिला. तो बाह्य लायब्ररीवर अवलंबून नाही. शोधाच्या सूचीसाठी हा स्थिर क्रम ठेवावा, आणि मराठी अकारविल्हे क्रम छापील यादी काढताना मागावा, अशी विभागणी विचारार्ह आहे. संचाला क्रम नसतो, क्रम मागणाऱ्याने मागावयाचा, ह्या मूळ तत्त्वाशी ती सुसंगतच आहे.

तिसरा उपाय तपासणीचा. पंधराव्या आवृत्तीपासून डेटाबेस आपल्या क्रमनियमांची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती न जुळल्यास इशारा देतो. हा इशारा काम थांबवीत नाही. तो दिसताच सूच्या नव्याने बांधाव्यात आणि त्यानंतरच नोंदलेली आवृत्ती अद्ययावत करावी. उलट क्रमाने केल्यास इशारा पुसला जातो आणि दोष राहतो. सूची क्रमाने लागलेली आहे किंवा नाही हे तपासणारे ॲम-चेक हे साधनही पोस्टग्रेसबरोबरच मिळते.

चौथा उपाय प्रतिलिपीचा, आणि तोच सर्वांत भरवशाचा. चालू डेटाबेसच्या व्हॉल्यूमची फाइलवार नक्कल ही खरी प्रतिलिपी नव्हे; ती घेत असतानाच फाइली बदलत असतात. पीजी-डंप ह्या साधनाने घेतलेली प्रतिलिपी एका क्षणाचे सुसंगत चित्र देते. तिचा आणखी एक गुण असा, की तीत सूच्या नसतात, सूच्या बांधण्याच्या आज्ञा असतात. म्हणून ती नव्या इमेजमध्ये उतरविली असता क्रम तेथल्या नियमाने नव्याने लागतो, आणि जुन्या नियमाचे ओझे मागेच राहते. मुख्य आवृत्ती वा पाया बदलताना हाच मार्ग पत्करावा; आणि प्रतिलिपी उतरवून, नोंदी मोजून पाहिल्याखेरीज ती हाती आहे असे समजू नये.

अखेरचा मुद्दा सुरक्षिततेचा. कंटेनरचे द्वार खुले करताना पत्ता न सांगितल्यास डॉकर ते यंत्राच्या सर्व जाळ्यांवर खुले करतो, आणि लिनक्सवर यजमानाने लावलेले नेहमीचे प्रतिबंधही तो ओलांडतो. बोलींच्या पाहणीत निवेदकांची नावे व गावे असतात; त्यांनी ती विश्वासाने दिलेली असतात. म्हणून हे द्वार स्थानिक पत्त्यापुरतेच खुले ठेवावे.

७. निष्कर्ष

ह्या सर्व विवेचनावरून डेटाबेस कंटेनरमध्ये चालवू नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एकच इमेज दोन विद्यापीठांत सारखीच चालते, प्रयोग पुन्हा करून पाहता येतो, आणि बिघडलेला सर्व्हर क्षणात नव्याने उभा राहतो. हे लाभ संशोधनाच्या दृष्टीने मोठे आहेत. मात्र माहिती बाहेर ठेवली म्हणजे आतील आवरण कोणतेही चालेल, ही समजूत सोडली पाहिजे. मोडी दप्तर रुमालात बांधून सुरक्षित ठेवता येते. पण ते वाचणारा बदलला आणि त्याला मोडीची वळणे वेगळी शिकविलेली असली, तर कागद शाबूत असूनही दाखला चुकतो. व्हॉल्यूम हा कागद होय, आणि इमेज हा वाचक. संग्रहाचे जतन करणे म्हणजे दोहोंची नोंद ठेवणे : कोणत्या फाइली आहेत ह्याची, आणि त्या कोणत्या नियमाने वाचल्या जात आहेत ह्याचीही. संग्रहाच्या आधारे लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधात पोस्टग्रेसची आवृत्ती, इमेजचा पाया व वर्णक्रमाचा नियम ह्यांचा एका ओळीत उल्लेख करण्याचा प्रघात पडला, तर ‘आढळत नाही’ ह्या विधानाला त्याचे योग्य वजन प्राप्त होईल.